तकली

सांगलीहून आलो तेव्हा डोक्यावर थोडे केस होते,
ते मांडवीच्या वाऱ्याने नेले.
खोली चोडणला घेतली, भाडं परवडत होतं.
शाळा रायबंदरला. रोज सकाळी फेरीबोट,
स्कूटरी, मासळीच्या पाट्या, आणि माझ्याच वर्गातली
सात-आठ मुलं, मला पाहून
कठड्याच्या त्या टोकाला सरकणारी.
मी समजायचो, आदर आहे.

नववी ब. मधल्या सुट्टीनंतरचा तास, मराठी.
फळ्यावर मी लिहीत होतो: समानार्थी शब्द.
तिसऱ्या बाकावरून, हळू आवाजात,
प्रणिता च्यारी मैत्रिणीला काही म्हणाली.
त्यातला एकच शब्द माझ्यापर्यंत पोचला.
तकली.
आधीचं 'म्हजी' पंख्याच्या घरघरीत अडकलं,
नंतरचं 'दुखता' खडूखाली गेलं.
आणि जे पोचलं तेही मला
टकली असं ऐकू आलं.

खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो.
जूनमध्ये बाजारात कुणीतरी घाटी म्हणालं होतं,
मला नसेलही,
पण ते मी भाजीबरोबर घरी आणलं
आणि धुतलं नाही.

'बाहेर.'
'सर, मी काय केलं?'
'तुला माहीत आहे.'
पस्तीस मिनिटं ती व्हरांड्यात
खांबाला कपाळ टेकून उभी राहिली.
मला वाटलं, नाटक.
खांब गार होता, इतकंच.

संध्याकाळी फुर्तादो बाई बशी खाली ठेवून
डोळे पुसेपर्यंत हसल्या.
'अहो सर, तकली म्हणजे डोकं!'
मग हसू आवरून म्हणाल्या,
'ताप होता तिला. मीच घरी पाठवली.'

दोन दिवस तिसरा बाक अर्धा रिकामा.
शब्दार्थ शिकवायला आलेला मी,
एका शब्दाचा अर्थ न विचारता
शिक्षा देऊन मोकळा झालो होतो.
मुलांची माफी कशी मागायची
हे बी.एड.ला नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बोटीवर तिला गाठलं.
रात्रभर घोकलेलं वाक्य, तिच्याच भाषेत,
माफी म्हणून, सगळ्यांसमोर:
'तकली कशी आसा गो?'
मैत्रिणी बोलायच्या थांबल्या.
तिचा चेहरा कानापर्यंत लाल.
'बरी आसा, सर.'
आणि ती स्कूटरींच्या मागे गेली.

दुपारी हेडमास्तरांनी बोलावलं.
तिचे वडील आले होते. सुतार,
कानामागे पेन्सिल तशीच राहिलेली.
'सर, चुकली असेल तर मारा.
दुखण्याची थट्टा नका करू.'
मी सगळं सांगितलं, चाचरत,
स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं:
ही टकली. ती तकली.
ते बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले,
लाकूड घ्यायचं की नाही ठरवताना बघतात तसे.
हसले नाहीत.
'हांव सांगतां तिका,' म्हणाले.

काय सांगितलं कुणास ठाऊक.
आता मार्च आहे. बोटीवर ती
गुड मॉर्निंग म्हणते, पलीकडे सरकत नाही.
एकदा निबंधाचं विचारून गेली.
मला वाटायला लागलं होतं, झालं, मिटलं.

काल वर्गात तिने हात वर केला.
'सर, माझं डोकं दुखत आहे.
मी घरी जाऊ शकते का?'
स्वच्छ मराठी. शब्द न् शब्द बरोबर.
वर्षभर हेच तर शिकवत होतो.
'जा,' म्हणालो.

दप्तर उचलताना ती वाकून
मैत्रिणीच्या कानात काही बोलली.
वीज गेली होती, पंखा बंद होता,
खडू माझ्या हातात नव्हता.
तरी ऐकू आलं नाही.